रिपोर्ट नाही, तर निदान कशावरून?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 67 वर्षांचे. निवृत्त प्राथमिक शिक्षक. वर्षभरापासून उजवा हात थरथरतो. पेन्शनच्या कामाला गेले तर बँकेत सही जुळेना. गेल्या महिन्यात न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, मनगट हलवून पाहिलं आणि वीस मिनिटांत पार्किन्सन, म्हणजे कंपवात, सांगितला. एमआरआय नॉर्मल आहे, रक्ताची एकही तपासणी सांगितली नाही. गोळ्या सुरू झाल्यात. अण्णा रोज विचारतात, "रिपोर्ट कुठाय?" भाऊ म्हणतो, परदेशात मणक्यातल्या पाण्यावरून पक्कं कळतं. मेंदूचा स्कॅनही असतो, तो दरवर्षी करू म्हणजे आजार किती वाढला ते समजेल. त्याने आम्हा दोघांसाठी जीन टेस्टचं किटही मागवलंय. आई म्हणते, हे दहा-बारा वर्षांपासून झोपेत ओरडतात, लाथा मारतात, म्हणून ती वेगळ्या खाटेवर झोपते, पण त्याचा याच्याशी काय संबंध! मला स्वतःला 2021 मध्ये कोविड झाल्यापासून वास नीट येत नाही. पार्किन्सनमध्ये वास जातो असं वाचल्यापासून झोप उडाली आहे. मी 41 वर्षांची आहे. मी तपासणी करून घेऊ का? — एक वाचक, सातारा जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही आईच्या नावावर लिहिलीत आणि पुढे निघून गेलात. मी मात्र तिथंच थांबलो. अण्णा दहा-बारा वर्षं झोपेत लाथा मारतात, ओरडतात.

स्वप्नं पडतात त्या झोपेत आपलं शरीर एरवी सैल पडलेलं असतं. स्वप्नात आपण धावतो, भांडतो, पण हातपाय हलत नाहीत, कारण मेंदूच्या देठाकडचा भाग स्नायूंना तेवढा वेळ आवरून धरतो. हा आवर सुटला की माणूस स्वप्न अंथरुणातच जगायला लागतो. मध्यम वयानंतर सुरू झालेला हा त्रास तपासून पक्का ठरलेल्या 1,280 लोकांचा वेगवेगळ्या देशांतल्या 24 केंद्रांनी मिळून पाठपुरावा केला. त्याचा निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार बारा वर्षांत सुमारे 73 टक्के लोकांना पार्किन्सन किंवा त्याच्या कुळातला दुसरा आजार होतो. रोगाची इतकी आधी दिसणारी आणि इतकी बोलकी खूण दुसरी क्वचितच सापडेल. आईला सांगा, संबंध आहे, आणि तिने हे सांगितलं ते फार बरं केलं.

आता घरात लगेच एक प्रश्न उठेल, म्हणून तो आधीच संपवतो. "तेव्हाच दाखवलं असतं तर?" काही बदललं नसतं. दहा वर्षांपूर्वी हा आजार थांबवणारं किंवा त्याची गती खात्रीने कमी करणारं औषध नव्हतं, आजही नाही. तेव्हा कळलं असतं, तर अण्णांनी ती दहा वर्षं वर्गात शिकवताना, नातवंडांना खेळवताना त्याच धास्तीत काढली असती. आईच्या मनात अपराधीपणाला जागा देऊ नका.

आता वीस मिनिटांतल्या निदानाकडे येतो. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने 1817 मध्ये या आजारावर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्ण होते, आणि त्यातले काही तर त्याने रस्त्यात नुसते चालताना पाहिलेले होते. दोनशे वर्षांत उपचार खूप बदलले, पण निदान आजही मुख्यतः डोळ्यांनी आणि हातांनीच होतं. तुमच्या डॉक्टरांनी बोटं आपटायला लावली ती हालचाल मंद आणि लहान लहान होत जाते का ते बघायला. मनगट हलवलं ते ताठरपणा हाताला लागतो का म्हणून. चालायला लावलं ते एक हात झुलायचा थांबलाय का हे दिसावं म्हणून. एमआरआय नॉर्मल येणं हे या आजारात अपेक्षितच असतं. तो केला जातो मेंदूतला जुना झटका, गाठ किंवा साठलेलं पाणी नाही ना, एवढं बघायला. त्यामुळे तपासणी वरवरची झाली असं मला वाटत नाही.

तरी अण्णांचा प्रश्न रास्त आहे. मधुमेहाला साखरेचा आकडा असतो, हृदयाला ईसीजी असतो, मग याला काय? आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचंही चुकतं. मृत्यूनंतर मेंदू तपासून आधीच्या निदानाशी ताडून पाहणारे जे अभ्यास झाले, त्यांचा एकत्रित आढावा 2016 मध्ये आला. त्यात निदान बरोबर निघण्याचं प्रमाण सुमारे 80 टक्के होतं. पाचातला एक चुकतो, हे प्रमाण लहान नाही. म्हणून जगभर या आजाराची शरीरातली खूण, ज्याला बायोमार्कर म्हणतात, ती शोधण्याची धडपड चालू आहे.

तुमच्या भावाने वाचलेली मणक्यातल्या पाण्याची तपासणी खरी आहे. ती समजून घ्यायला लॅबपेक्षा तुमच्या स्वयंपाकघरात जाणं सोपं. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की सकाळपर्यंत सगळ्या दुधाचं दही होतं. मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सायन्यूक्लिन नावाचं एक प्रथिन असतं. सगळ्यांच्याच असतं, तुमच्या-माझ्याही. पार्किन्सनमध्ये त्याची घडी चुकते, आणि चुकलेल्या घडीचा रेणू शेजारच्या चांगल्या रेणूंनाही आपल्यासारखं करत जातो. त्यांच्या गुठळ्या पेशींत साठतात. फ्रिट्झ लेवी यांनी 1912 मध्ये या गुठळ्या पाहिल्या होत्या, पण त्या कशाच्या बनलेल्या आहेत हे कळायला 1997 साल उजाडलं. नव्या तपासणीत रुग्णाच्या मणक्यातलं थोडं पाणी काढून ते लॅबमध्ये चांगल्या सायन्यूक्लिनमध्ये मिसळतात. सोबत गुठळीला चिकटला की चमकणारा एक रंग घालतात आणि मिश्रण हलवत ठेवतात. पाण्यात 'विरजण' असेल तर चांगलं प्रथिनही गोठायला लागतं आणि चमक वाढत जाते. नसेल तर काही होत नाही.

मायकेल जे. फॉक्स या अमेरिकन अभिनेत्याला 1991 मध्ये, अवघ्या 29 व्या वर्षी पार्किन्सनचं निदान झालं. त्याने उभारलेल्या प्रतिष्ठानाने 2010 मध्ये केवळ या खुणा शोधण्यासाठी एक मोठा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यातल्या 1,123 लोकांवर ही विरजणाची तपासणी केली, आणि 2023 मध्ये निकाल आले. पार्किन्सन असलेल्यांपैकी सुमारे 88 टक्के लोकांत ती पॉझिटिव्ह आली. निरोगी लोकांपैकी 96.3 टक्क्यांत निगेटिव्ह. ज्या रुग्णांचा वास गेलेला होता, त्यांच्यात तर जवळजवळ सगळ्यांची पॉझिटिव्ह. ते आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला झालेला आनंद आजही आठवतो. लक्षणांच्या पाठीमागे चाललेली मूळ गडबड जिवंत माणसात, इतक्या मोठ्या अभ्यासात, इतक्या खात्रीने दिसण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग अण्णांची करावी का? माझं मत, आत्ता नको. ती आपल्याकडे रोजच्या वैद्यकीय व्यवहारात आलेली नाही. समजा मिळाली आणि पॉझिटिव्ह आली, तर गोळ्या त्याच राहतील. निगेटिव्ह आली तरी निदान पुसलं जाणार नाही. एलआरआरके2 या जीनमधल्या बदलामुळे पार्किन्सन झालेल्या रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोकांत ती निगेटिव्ह आली होती, तरी आजार होताच. आणि ही तपासणी 'आहे की नाही' एवढंच सांगते. किती आहे, वाढलंय का, औषध लागू पडतंय का, यातलं काही ती सांगत नाही. दही लागलंय हे कळतं, पातेलं किती मोठं आहे हे कळत नाही. कातडीचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या मज्जातंतूंत हेच प्रथिन शोधण्याची एक पद्धतही आहे. 2024 मध्ये आलेल्या अभ्यासात पार्किन्सनच्या सुमारे 93 टक्के रुग्णांत ते सापडलं. सुई पाठीत टोचण्यापेक्षा हे बरंच सोपं, पण मर्यादा साधारण त्याच.

भावाला स्कॅनबद्दल मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण तो आपल्याकडे मोठ्या शहरांत होतो आणि खर्चही बराच येतो.

आपल्याकडे हा स्कॅन बहुधा ट्रोडॅट नावाने ओळखला जातो. शिरेतून किंचित किरणोत्सारी द्रव्य देतात. डोपामिन हे हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन, ते या आजारात कमी पडतं. ते सोडणाऱ्या तंतूंच्या टोकांना हे द्रव्य चिकटतं आणि काही तासांनी चित्र काढतात. निरोगी मेंदूत दोन ठळक स्वल्पविराम दिसतात. पार्किन्सनमध्ये त्यांच्या शेपट्या झडून पूर्णविराम उरतात. अण्णा शिक्षक आहेत, त्यांना हे लगेच समजेल. या स्कॅनची खरी गरज कुठे लागते? थरथर आहे, पण ती पार्किन्सनची की नुसत्या हातकंपाची, असा संशय असेल तेव्हा. किंवा एखाद्या औषधामुळे आलेली लक्षणं वेगळी काढायची असतील तेव्हा. या दोन्हींत स्कॅन नॉर्मल येतो. पण पार्किन्सन आणि त्याच्यासारखे दिसणारे, जास्त वेगाने वाढणारे जे दुसरे आजार आहेत, त्यांच्यातला फरक तो सांगू शकत नाही. दोन्हीकडे पूर्णविरामच दिसतात.

आणि दरवर्षी स्कॅन करून आजार मोजायचा विचार तर सोडूनच द्या. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो. सुरुवातीच्या टप्प्यातले 361 रुग्ण. काहींना लेव्होडोपा, म्हणजे अण्णांना सुरू झालेल्या गोळीतलं मुख्य औषध, वेगवेगळ्या मात्रेत दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. चाळीस आठवड्यांनी औषध थांबवलं आणि दोन आठवड्यांनी सगळ्यांना तपासलं. लेव्होडोपा घेतलेले रुग्ण हालचालींत सरस होते. ज्यांचे स्कॅन केले होते, त्यांच्यात मात्र लेव्होडोपावाल्यांची चित्रं जास्त खालावलेली दिसली. माणूस चांगला आणि चित्र वाईट! कदाचित औषधाने त्या तंतूंच्या टोकांचं वागणंच बदललं असेल. ते काहीही असो, अण्णांचा स्कॅन दरवर्षी काढलात, तर गोळीने हात मोकळा झाला असतानाही हातात असा कागद येईल की घरात सुतक पडल्यासारखं होईल. आणि मग कोणीतरी म्हणेल, गोळ्याच नुकसान करतात, बंद करा. असं झालेली घरं मी पाहिली आहेत. 2019 मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात औषध लवकर सुरू केलेल्यांची तब्येत उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा वाईट झालेली नव्हती. अण्णांना गोळी निर्धास्तपणे घेऊ द्या.

मग एवढं संशोधन कशासाठी, असं भाऊ विचारेल. औषधांच्या चाचण्यांसाठी, आणि माझा सगळा जीव त्यात गुंतलेला आहे. मागच्या काही मोठ्या चाचण्यांमध्ये पार्किन्सन म्हणून घेतलेल्या दर शंभर लोकांपैकी दहा ते पंधरा जणांचे स्कॅन चक्क नॉर्मल निघाले होते. आजारच नसलेल्यांवर आजाराचं औषध तपासलं तर निकाल धूसरच येणार. सायन्यूक्लिनला पकडणारी दोन औषधं आली, 2022 मध्ये दोन्हींचे निकाल निराशाजनक लागले. औषध निरुपयोगी होतं, की फार उशिरा दिलं, की चुकीच्या लोकांना दिलं? खात्रीची खूण हाती असल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. एक दिवस झोपेत लाथा मारणाऱ्या माणसाला तपासून, हात थरथरायच्या आधी दहा वर्षं औषध देता येईल, यासाठी ही सगळी मेहनत चालली आहे.

आता तुमच्याबद्दल.

वासाचा विषय निघाला म्हणून स्कॉटलंडमधल्या पर्थच्या जॉय मिल्न या परिचारिकेबद्दल सांगतो. नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं त्यांना जाणवलं. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, त्याच्या वयाच्या पंचेचाळिशीत, पार्किन्सनचं निदान झालं. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्यात गेल्या, तर तोच वास इतरांच्या अंगाला! एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांना बारा टी-शर्ट हुंगायला दिले, सहा रुग्णांचे, सहा निरोगी माणसांचे. त्यांनी सहाही रुग्ण ओळखले, पण एका निरोगी माणसालाही रुग्ण ठरवलं. ती एक चूक धरली गेली. काही महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सनचं निदान झालं. वास काखेतला नव्हता, मानेच्या मागे, कॉलरपाशी होता, त्वचेवरच्या तेलाचा. त्यावरून मँचेस्टर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्या तेलातले बदललेले रेणू शोधले आणि 2019 मध्ये प्रसिद्ध केले. हे सांगतोय ते अशासाठी की या आजारात वासाचे दोन वेगळे धागे आहेत, रुग्णाच्या अंगाला येणारा वास आणि रुग्णाला न येणारा वास. वाचताना लोकांची गल्लत होते.

रुग्णाला न येणारा वास ही खूण खरी आहे. पण वास जाण्याची कारणं शंभर आहेत: सर्दी, सायनस, तंबाखू, वय, आणि 2020 नंतर कोविड. तुमचा वास हळूहळू, नकळत गेलेला नाही. एका ठरावीक आजारपणात, एका ठरावीक आठवड्यात गेला आहे. कारण समोर उभं आहे. मला तुमच्या पत्रात पार्किन्सनची भीती दिसते, पार्किन्सन दिसत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वास परत आणण्यासाठी लवंग, लिंबू अशा ओळखीच्या गोष्टी रोज दोन वेळा शांतपणे हुंगण्याचा सराव असतो, तो ते शिकवतील.

तरीही मन म्हणेल, एकदा तपासून टाकूच. मग थोडा हिशेब करूया. साठीच्या पुढच्या हजार लोकांत पार्किन्सन साधारण दहा जणांना असतो. ती विरजणाची, आजवरची सर्वांत चांगली तपासणी हजारही जणांवर केली, तर त्या दहांपैकी नऊ सापडतील. उरलेल्या 990 निरोगी लोकांपैकी जवळजवळ 37 जणांचीही पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्हचा कागद हातात घेऊन रडणाऱ्या 46 जणांपैकी आजार नवांनाच. त्या 37 मधल्या काहींना पुढे आजार होईलही, पण कोणाला आणि कधी, हे आज कोणी सांगू शकत नाही. आणि हा हिशेब साठीच्या पुढचा आहे. तुमच्या चाळिशीत आजार त्याहून कितीतरी विरळ, म्हणजे खोट्या धास्तीचं प्रमाण आणखी मोठं.

किटचं पार्सल आलं असेल तर तसंच ठेवा. बहुतेक पार्किन्सन एका जीनमुळे होत नाही. अण्णांना तो साठीनंतर झाला, आणि घराण्यात आणखी कोणाला असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. अशा घरात जीन तपासून हाती फारसं लागत नाही. त्यातून घरपोच किट मोजकेच बदल शोधतात. त्यातला सगळ्यांत गाजलेला, एलआरआरके2 जीनमधला, अश्केनाझी ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतल्या लोकांत बराच आढळतो. भारतीयांत तो फार विरळ. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टने मिळणारा दिलासाही पोकळच. चाळिशीच्या आत कोणाला आजार झाला असता, किंवा दोन-तीन जवळच्या नातेवाइकांना असता, तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हाही किट नव्हे, आधी जनुकीय समुपदेशकाशी बोलणं.

अण्णांच्या 'रिपोर्ट कुठाय'ला काय उत्तर द्यायचं? त्यांची जुनी हिशेबाची वही काढा. शिक्षकाचं अक्षर, दरवर्षीची एक-दोन पानं शेजारी शेजारी ठेवा. या आजारात अक्षर बारीक होत जातं, ओळीच्या शेवटी तर आणखी बारीक. बँकेत सही जुळली नाही ती बहुधा यामुळेच. ती पानं डॉक्टरांना दाखवा, लक्षणं कधी सुरू झाली याचा अंदाज त्यावरून येतो. अण्णांनाही दाखवा. शिवाय गोळीने काय फरक पडला याची नोंद ठेवा: गोळी किती वाजता घेतली, हात कधी मोकळा झाला, कधी पुन्हा जड झाला. लेव्होडोपाने ठळक आणि टिकणारा फायदा होणं हा या निदानाचा फार मोठा आधार आहे. सहा महिन्यांची अशी वही माझ्यासारख्या डॉक्टरला ट्रोडॅटपेक्षा जास्त सांगते. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण डाळी-दुधातली प्रथिनं तिच्या आड येतात.

अण्णांना रोज चालायला, जमेल तसा घाम निघेल इतका व्यायाम करायला लावा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे त्यांना त्यांच्यासारखी माणसं भेटतील आणि आईला आईसारखी. आईची खाट वेगळी आहे तीच ठीक. अण्णांच्या पलंगाजवळचं टोकदार टेबल हलवा, खाली गादी टाका. झोपेतल्या त्रासाचा मोबाइलवर व्हिडिओ काढता आला तर डॉक्टरांना दाखवा, त्याच्यावरही औषध आहे.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. अण्णा गेल्या दोन वर्षांत ज्या ज्या गोळ्या घेत होते, त्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा एका पिशवीत भरा. गॅस-अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं. चक्कर आणि उलटीसाठी स्टेमेटिल, सिनारिझिन, फ्लुनारिझिन सर्रास दिली जातात, आणि पुन्हा पुन्हा दुकानातून आणून वर्षानुवर्षं घेतली जातात. ही औषधं हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं आणू शकतात, आणि असलेला आजार वाढवतातही. अण्णांच्या झोपेचा इतिहास बघता त्यांना मूळ आजार असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते, पण यातली एखादी पट्टी निघाली तर निदानाचा फेरविचार व्हायला हवा, आणि तिथे ट्रोडॅटचा खर्च सार्थकी लागेल. कोणी कंपवातावर खाजकुयलीचं चूर्ण दिलं असेल तर त्याची पुडीही त्यातच टाका, कारण त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतं आणि गोळीत त्याची भर पडते. स्वतःहून काही बंद करू नका. पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करा आणि एकेक पट्टी त्यांना बघायला सांगा.